भरपाई आणि प्रायश्चित्त

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की चार-पाच कंपन्यांचे दर मागवले जातात आणि शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिले जातात. एकीचा हप्ता कमी असतो, दुसरीने आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, जास्त लावलेली असते, तिसरीने झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे कलम, स्वस्तात देऊ केलेले असते. हे ताडून पाहणे शहाणपणाचेच आहे. झिरो डेप घेतलेले नसेल तर अपघातानंतर बदललेल्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत कंपनी देते. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिची विमाकृत किंमत निम्म्यावर आलेली असते. वर्षभर क्लेम केला नाही तर गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळते आणि ती वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोचते. त्यामुळे बंपर खरचटला तर क्लेम करायचा की पैसे खिशातून भरायचे, हा हिशेब प्रत्येकाने जरूर करावा. पण या साऱ्या कोष्टकात एक ओळ अशी असते की कोणत्याही कंपनीकडे गेले तरी तिच्यापुढचा आकडा बदलत नाही. ती ओळ थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेच्या किंवा नुकसानीच्या भरपाईसाठीच्या, हप्त्याची. तो सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीच्या वर आणि १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला तो वर्षाला ३,४१६ रुपये होता, मग मोटार कुणाचीही असो. तुलना करण्यासारखे तिथे काहीच नसल्यामुळे नजर त्या ओळीवर थांबत नाही. माझे म्हणणे असे की विम्याचा सगळा नैतिक आशय त्याच एका ओळीत आहे, आणि ती नीट वाचली तर धर्मविचारातला एक जुना, अवघड प्रश्न समोर उभा राहतो.

स्वतःच्या गाडीचा विमा उतरवायचा की नाही, हे कायदा मालकावर सोडतो. दुसऱ्याच्या जिवाचा विमा मात्र तो ऐच्छिक ठेवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. ही सक्ती त्याहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये ती १९३० च्या कायद्याने आली, आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. कारण साधे होते. गाडीखाली सापडलेल्या माणसाने दावा जिंकला तरी चालकाकडे द्यायला पैसाच नसे, आणि चालकाच्या दारिद्र्याची शिक्षा जखमी माणूस भोगत असे. आज आपल्या रस्त्यांवर काय घडते ते सरकारी अहवालातच आहे: २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू. मेलेल्यांत जवळपास निम्मे दुचाकीवरचे आणि पाचातला एक पायी चालणारा. यांतले फार थोडे कुणी ठरवून मारलेले. म्हणजे प्रश्न असा आहे: जे करायचे माझ्या मनातही नव्हते, त्याचे देणे माझ्या अंगावर कसे येते? आणि येत असेल, तर ते आगाऊ, वर्गणी भरून, दुसऱ्याच्या हातून फेडले म्हणजे मी मोकळा होतो का?

पहिल्या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक उत्तर तयार आहे, फक्त ते आपण रस्त्याला लावून पाहत नाही. माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो, असे शतपथ ब्राह्मण सांगते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सर्वांना ठाऊक असते. त्याच ठिकाणी सांगितलेले चौथे, माणसांचे ऋण मात्र सहसा विसरले जाते. माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचे असते. या कल्पनेतली महत्त्वाची गोष्ट अशी की हे ऋण कुठल्याही अपराधातून आलेले नाही. माणसाने काही वाईट करण्याआधीच, केवळ इतरांच्या जगात जगू लागल्यामुळे ते त्याच्यावर असते. एक टन वजनाचे लोखंड घेऊन सार्वजनिक रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाची स्थिती अशीच असते. त्याने अजून कुणाला धक्का लावलेला नाही, पण त्याच्या सोयीसाठी रस्त्यावरच्या प्रत्येक पादचाऱ्याने, शाळेतून सुटलेल्या प्रत्येक मुलाने थोडा धोका पत्करलेला आहे, आणि तो पत्करायला त्यांना कुणी विचारलेले नाही. सक्तीचा विमा दंड वाटतो तो यामुळेच की आपण देणे नेहमी चुकीशी जोडतो. ते धोक्याशी जोडले की सक्ती योग्य ठरते. हप्ता हे मी इतरांवर लादलेल्या धोक्याचे देणे आहे, आणि ते चूक घडण्याच्या आधीच दिले पाहिजे, कारण चूक घडल्यावर देण्याइतके माझ्याकडे असेलच असे नाही.

जुन्या धर्मशास्त्राने रस्त्यावरच्या अपघाताचा विचारच केला नसेल, असा समज असतो. तो खरा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांवर सलग नऊ श्लोक आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक तुटले, अथवा ‘बाजूला व्हा’ असे सारथ्याने ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही. सारथी अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाला, कारण असा माणूस त्याने नेमला. सारथी तरबेज असून चुकला तर दंड सारथ्याला. आणि सारथी अडाणी असूनही गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर शंभर पण (त्या काळचे नाणे) दंड. त्याआधीच्याच श्लोकांत जखमीच्या उपचाराचा खर्च द्यावा आणि जाणता-अजाणता कुणाची वस्तू मोडली तरी मालकाचे समाधान करावे, असेही सांगितले आहे. ज्या ग्रंथाने माणसाची किंमत जन्मावरून ठरवली आणि ज्याचे म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्याच्याकडे मी आधार म्हणून पाहत नाही, पुरावा म्हणून पाहतो. यंत्राचा दोष, चालकाचा दोष, मालकाचा दोष आणि निमूटपणे शेजारी बसलेल्याचा दोष हे वेगवेगळे तोलावे लागतात, हे बैलगाडीच्या काळातही माणसांना कळत होते. प्यायलेल्या मित्राच्या गाडीत मागे बसून घरी येणाऱ्यांना आजचा कायदा काही विचारत नाही. त्या जुन्या दंडाने विचारले असते.

मृताची किंमत हा मुद्दा इथे टाळता येत नाही. जन्मावरून किंमत ठरवणे आपण सोडले, पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आजही मृताच्या उत्पन्नाला त्याच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत ती पद्धत घालून दिली. परिणाम असा की मोठ्या पगाराच्या माणसाचा जीव गेला तर भरपाई मोठी, भाजी विकणाऱ्या बाईचा गेला तर लहान. याचे समर्थन केले जाते ते असे: भरपाई जिवाची नसते, मागे राहिलेल्यांच्या बुडालेल्या आधाराची असते. हे समर्थन अर्धेच पटते. जिचे उत्पन्न कागदावर नाही तिचाही घराला आधार असतो, हे न्यायालयाला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे, असे २०२१ च्या कीर्ती प्रकरणात बजावले गेले. उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी सरसकट ५ लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. तिथे माणसांत भेद नाही, पण रक्कमही जिवाला साजेशी नाही. पैशाची भाषा माणसाच्या जाण्याला पुरी पडत नाही, हे दोन्ही बाजूंनी दिसते. म्हणून भरपाई निरर्थक ठरत नाही. तिच्यापलीकडे आणखी काही देणे उरते, एवढे मात्र ठरते.

हे उरलेले देणे कोणते, हे सर्वांत स्वच्छपणे इस्लामी धर्मविचारात मांडलेले आहे, असे मला वाटते. कुराणाच्या चौथ्या अध्यायातली ब्याण्णवावी आयत चुकून झालेल्या मनुष्यवधाबद्दल आहे. तिच्यात दोन वेगळी कर्तव्ये सांगितली आहेत. एक, मृताच्या घरच्यांना भरपाई, दियत. दुसरे, एका गुलामाची मुक्तता, आणि तेवढी ऐपत नसेल तर सलग दोन महिने रोजे. पुढे धर्मशास्त्रज्ञांनी या दोहोंत जो भेद केला तो विम्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. चुकून झालेल्या वधाची दियत एकट्या दोषी माणसाने भरायची नसते. त्याची आकिला, म्हणजे त्याचे भाऊबंद, ती वाटून घेतात आणि हप्त्यांनी देतात. एकट्याच्या क्षणभराच्या चुकीने त्याचे अख्खे घर बुडू नये आणि मृताच्या घरच्यांनाही रिकाम्या हाती परतावे लागू नये, अशी ती व्यवस्था. थर्ड पार्टी विम्याचा हा सरळ पूर्वज म्हणता येईल. भाऊबंदांच्या जागी आज लाखो अनोळखी वाहनमालक आले, एवढाच फरक. पण दोन महिन्यांचे रोजे भाऊबंद वाटून घेऊ शकत नाहीत. ते ज्याच्या हातून माणूस गेला त्यालाच करावे लागतात. भरपाई वाटता येते, प्रायश्चित्त वाटता येत नाही. हिंदू धर्मशास्त्रातही अजाणता झालेल्या पापाला सौम्य का होईना पण प्रायश्चित्त आहेच. जाणूनबुजून केलेल्या पापाला प्रायश्चित्ताने शुद्धी मिळते की नाही, यावर शास्त्रकारांत मतभेद होते. अजाणता झालेल्याला ते लागते, यावर नव्हते.

ज्याच्या मनात हिंसा नव्हती त्याने प्रायश्चित्त का करावे, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो धार्मिक माणसाकडूनही येतो. कर्म म्हणजे चेतना, हेतू, असे बौद्ध मानतात. हेतू नसेल तर पाप कुठून? याला जैन विचाराने दिलेले उत्तर मला रस्त्यासाठी अधिक योग्य वाटते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची अट जोडली आहे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात ती आणखी पुढे नेली: जपून पावले टाकणाऱ्याच्या पायाखाली जीव आला तरी त्याला हिंसेचे बंधन नाही, आणि बेपर्वाईने चालणाऱ्याला जीव मेला नाही तरी बंधन आहेच. मोबाइलवर बोलत सिग्नल तोडून सुखरूप घरी पोचलेला चालक या दृष्टीने निर्दोष नाही, त्याच्यापुढे कुणी आले नाही इतकेच. विमा हे ओळखू शकत नाही. नो क्लेम बोनस हा जपून चालवल्याचा दाखला असल्यासारखा मिरवला जातो, पण तो फक्त क्लेम केला नाही एवढेच सांगतो. थर्ड पार्टीच्या हप्त्यात तर चालकाच्या वागण्याला जागाच नाही. तो इंजिनाच्या सीसीवरून ठरतो, माणसाच्या सावधपणावरून नाही.

आणि ज्याचा प्रमादही नव्हता, त्याचे काय? समजा चालकाने सारे नियम पाळले, वेग मर्यादेत होता, ब्रेक ठीक होते, आणि दोन गाड्यांमधून धावत आलेले मूल चाकाखाली आले. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक दैवावर लिहिताना जवळपास अशाच एका लॉरीचालकाचे उदाहरण घेतले. आपण त्याला समजावू की तुझा दोष नव्हता, आणि ते समजावणे योग्यच. तरीही बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे दुःख आणि त्याचे दुःख एकाच जातीचे नसते, आणि जो चालक फारच लवकर सावरला त्याच्याविषयी आपल्या मनात शंका येते. विल्यम्स धार्मिक विचारवंत नव्हते, म्हणून त्यांची साक्ष मोलाची आहे. हातून घडलेल्याचे उत्तर हातालाच द्यावे लागते ही जाणीव केवळ श्रद्धेवर उभी नाही. जैन विचार त्या चालकाला बंधनातून सोडवतो ते खरे, पण त्या आईसमोर जाऊन उभे राहण्यातून कुणी त्याला सोडवत नाही.

आता उलट बाजूने येणारे दोन आक्षेप. पहिला असा की विमा माणसाला बेफिकीर करतो: कंपनी देणारच आहे, मग जपायचे कशाला? स्वतःच्या गाडीबाबत यात तथ्य आहे आणि म्हणूनच प्रत्येक क्लेममधून ठरावीक रक्कम मालकाच्या खिशातून जाते. माणसाच्या जिवाबाबत हा आक्षेप टिकत नाही. भरपाई कंपनी देणार म्हणून कुणी माणूस चिरडायला तयार होत नाही. फौजदारी खटला आणि आयुष्यभराची टोचणी यांचा विमा मिळत नाही. दुसरा आक्षेप दैववादी आहे: जे व्हायचे ते होणारच, त्याची आगाऊ तजवीज म्हणजे ईश्वरावर अविश्वास. स्वतःवर येणाऱ्या संकटापुरते हे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. आपल्या गाडीवर झाड पडले तर देवाची इच्छा म्हणून कुणी सोडून द्यावे. पण माझ्या गाडीखाली आलेल्या माणसाला त्याचे दैव समजावून सांगण्याचा हक्क मला नाही. श्रद्धेने स्वतःचे नुकसान सोसता येते, दुसऱ्याचे देणे बुडवता येत नाही. कायद्यानेही हा क्रम ओळखला आहे. चालकाचा परवाना बनावट किंवा मुदतबाह्य निघाला तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरणसिंग प्रकरणात मोकळी केली. आधी पीडिताचे देणे, मग दोषाचा हिशेब.

या दृष्टीने विम्याचे पर्याय पुन्हा पाहिले की वेगळ्याच ओळी ठळक होतात. थर्ड पार्टीच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा खासगी मोटारीला साडेसात लाख असते. थोडी सूट घेऊन ती सहा हजारांवर आणता येते आणि दर कमी दिसावा म्हणून ती कधी कधी आणलेलीही असते. सहा हजारांत पानटपरीवाल्याच्या मोडलेल्या टपरीचे काय होणार? पगारी चालक ठेवलेला असेल तर त्याच्यासाठीचे कलम अगदी किरकोळ रकमेत मिळते आणि तरीही अनेक पॉलिसींत ते नसते. सोबत बसणाऱ्यांसाठीचा अपघात विमाही तसाच बाजूला पडतो. झिरो डेप घ्यावे, इंजिनाचे संरक्षणही पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या शहरात घ्यावे, पण या तीन ओळी रिकाम्या ठेवून घेऊ नये.

सर्वांत अवघड ओळ मात्र शेवटच्या पानावर, अटींमध्ये असते आणि ती बहुधा कुणी वाचत नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोष कबूल करू नये, कसले वचन देऊ नये, काही देऊ करू नये, असे ती सांगते. तिचे कारण समजण्यासारखे आहे. पैसा साऱ्या वर्गणीदारांचा असतो आणि संगनमताने खोटी कबुली देऊन तो लाटला जाऊ शकतो. पण तिचा परिणाम असा होतो की भरपाई वाटून घेणारी व्यवस्था प्रायश्चित्ताची पहिली पायरीच, म्हणजे ‘माझ्या हातून झाले’ हे शब्द, धोक्याचे करून ठेवते. वकील गप्प राहायला सांगतो, माणूस गप्प राहतो, आणि मृताच्या घरच्यांना वर्षानुवर्षे न्यायाधिकरणात फक्त कंपनीचा वकील दिसतो. अटीच्या मर्यादेतही बरेच करता येते. जखमीला दवाखान्यात पोचवणे हे तर कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्यच आहे. भेटायला जाणे, दुःख व्यक्त करणे, साक्षीत खरे सांगणे, यांतले काहीही भरपाईची जबाबदारी लेखी पत्करणे ठरत नाही. तरीही भीती राहते आणि ती काढणे कायद्याच्या हातात आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली आणि हाँगकाँगने २०१७ साली असे कायदे केले की क्षमा मागणे ही दोषाची कबुली मानली जाणार नाही आणि तिच्यामुळे विम्याचे संरक्षणही जाणार नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात असे एक कलम यावे, आणि ते येईपर्यंत विमा नियामकाने प्रत्येक पॉलिसीत त्या अटीखाली एवढे छापायला लावावे की जखमीची विचारपूस करणे आणि क्षमा मागणे यांना ही अट लागू नाही.